कन्फ्यूशियस आणि मेंढीचा मालक

मंडळी, कन्फ्यूशियसची शिकवण माणसाला अन्यायाकडे डोळेझाक करायला लावते का, हा आजचा प्रश्न. ‘हो’ म्हणणारे हमखास एक गोष्ट पुढं करतात. एक सरदार कन्फ्यूशियसला अभिमानानं सांगतो, की आमच्या मुलखात एक माणूस इतका सरळ, की बापानं मेंढी चोरली तेव्हा त्यानं बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियसला हे काही रुचत नाही. बापलेकांनी एकमेकांना पाठीशी घालावं, खरा सरळपणा त्यातच, असं त्याचं मत.

आता बघा, गोष्टीत बाप आहे, मुलगा आहे, सरदार आहे. ज्याची मेंढी गेली, तो कुठंय? त्याला कुणी विचारतच नाही.

हे नुसतं पोथीत राहिलं असतं तर ठीक. पण इ. स. ६५३ च्या तांग कायद्यात आईबापांविरुद्ध फिर्याद करणाऱ्या मुलाला गळा आवळून मारण्याची शिक्षा होती. अपवाद राजद्रोहासारख्या गुन्ह्यांचा. म्हणजे शेजाऱ्याचं काही गेलं तर गप्प बसायचं, गादीला धोका असेल तर मात्र बोलायचं!

तरीही सगळी परंपराच मुर्दाड होती, हे मला मान्य नाही. योग्य काय ते दिसत असून न करणं, याला कन्फ्यूशियस स्वतःच भेकडपणा म्हणतो. आणि इ. स. पू. चौथ्या शतकातला मेन्शियस तर प्रजेला राजापेक्षा मोठी मानतो, आणि जुलमी राजाला मारणं हा राजवध नव्हेच म्हणतो.

हे झोंबलं कुणाला? मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू सम्राट याला. हा गरीब शेतकऱ्याचा पोर. १३४४ च्या दुष्काळात आणि साथीत आईबाप गेले, मठात राहून भिक्षा मागितली. अन्याय काय असतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण गादीवर बसल्यावर, १३७२ साली, त्यानं मेन्शियसची स्मृतिपाटी कन्फ्यूशियसच्या मंदिरातून काढायला लावली. विरोध कराल तर राजाच्या अवमानाचा गुन्हा, अशी तंबीही दिली. तरी छ्येन थांग नावाचा मंत्री उभा राहिला. मेन्शियससाठी मरण आलं तरी चालेल म्हणाला. पाटी परत आली बरं का!

सम्राट काही विसरला नाही. १३९४ साली ल्यू सानवू या विद्वानाकडून त्यानं मेन्शियसच्या ग्रंथातले ८५ उतारे कापून घेतले, जवळजवळ एक तृतीयांश. त्यांवर सरकारी परीक्षेत प्रश्न येणार नाहीत, असंही ठरलं. परीक्षेला नसलेलं कोण पाठ करतो?

होंगवू १३९८ मध्ये वारला आणि पुढच्या शतकात पूर्ण ग्रंथ पुन्हा चालू झाला. बापाविरुद्धच्या फिर्यादीचा नियम मात्र सौम्य होऊन चिंग काळापर्यंत टिकला : फिर्याद खरी ठरली तरी मुलाला शंभर फटके आणि तीन वर्षं सक्तमजुरी.