आयात केलेला अभिमान

व्याख्यानमालेत इतिहासावर बोलणारा वक्ता सहसा एखादी लढाई किंवा एखादा तह निवडतो. आम्ही आज ब्राझील देशातील गाण्याची एक तबकडी निवडली आहे. कामगार संघटनेच्या माणसाने, स्वरज्ञान बेताचेच असताना, हा उद्योग का करावा, असे कोणी विचारील. आमच्या कचेरीतील एका तरुण कार्यकर्त्याने ही तबकडी ऐकवली आणि तिच्यातील एका रचनेचे नाव सांगितले : ‘मेतालुर्जिका’, म्हणजे धातूचा कारखाना. ते नाव ऐकून आम्ही थबकलो, आणि मग या विषयाच्या मागेच लागलो.

ही तबकडी १९७७ सालची. वाद्यवृंदाचे नाव ‘बांदा ब्लॅक रिओ’, आणि त्याची ही पहिलीच तबकडी. तिचे नाव ‘मारिया फुमासा’, म्हणजे धुराची मारिया. ब्राझीलमध्ये वाफेच्या आगगाडीला लोक लाडाने असे म्हणतात. वृंदाचा प्रमुख ओबेरदान मागाल्याइन्स हा सॅक्सोफोन वाजवी. दहाही रचनांत गायन नाही. सारे काम वाद्यांचे.

आता थोडे मागे जाऊ. ब्राझीलमध्ये ४० लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून उतरवली गेली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. माणसे मोकळी झाली. परंतु जमीन मिळाली नाही, शिक्षण मिळाले नाही. ती रिओ शहराच्या कडेकपारीला वसली. त्यांच्याच अंगणांत सांबा वाढला. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलीस या मंडळींच्या मागे लागत. पुढे तोच सांबा राष्ट्राचे भूषण ठरला. गाणे प्रतिष्ठित झाले, गाणारा मात्र होता तेथेच राहिला. हा प्रकार आपल्याकडे अपरिचित आहे असे नाही.

१९६४ साली तेथे लष्करी राजवट आली आणि ती १९८५ पर्यंत टिकली. त्या काळात रिओच्या उत्तरेकडील श्रमिक वस्त्यांत एक नवल घडले. शनिवार-रविवारी क्लबांच्या दिवाणखान्यांत हजारो कृष्णवर्णी तरुण जमत, अमेरिकेतील जेम्स ब्राऊनच्या तबकड्यांवर नाचत, केस वाढवून ताठ मानेने वावरत. ‘जोर्नाल दो ब्राझील’ या वृत्तपत्रात १७ जुलै १९७६ रोजी लेना फ्रियास यांचा या मेळ्यांवर मोठा लेख आला. ब्राझीलमध्ये काळे असण्याचा हा अभिमान आहे, असे मथळा सांगत होता. पण ‘अभिमान’ या शब्दाला कंसात एक विशेषण जोडलेले होते : ‘आयात केलेला’. राजवटीला यात बंडाचा वास आला आणि गुप्त पोलीस लक्ष ठेवू लागले. सांबाच्या अनेक अभिमान्यांनाही हे परकीय वेड रुचले नाही.

तबकडी कंपनीला या गर्दीत गिऱ्हाईक दिसले, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. तथापि ओबेरदान व त्याच्या सोबत्यांनी जे वाजवले ते नुसता विकाऊ माल नव्हते. सांबाचे आवर्तन दोन मात्रांचे. मोठा ढोल वजन टाकतो ते दुसऱ्या मात्रेवर. फंकचा सारा जोर पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर. ही दोन वजने एकमेकांशी भांडावयाची. जामील जुआनेसचा बेस गिटार आणि लुईझ कार्लोसचे ड्रम यांनी ती नांदवून दाखविली. त्यावर पितळी वाद्ये, आणि मधूनमधून जॅझची मोकळी आलापी. आरी बारोझोचे १९३८ सालचे जुने गाणे आणि लुईझ गोन्झागाचे ‘बायांव’ हेही त्यांनी याच चालीत बसविले. एका रचनेचे नाव तर बसच्या पाटीसारखे आहे : ‘लेब्लोन, मार्गे वाझ लोबो’. लेब्लोन ही समुद्रकाठची श्रीमंत वस्ती, वाझ लोबो हे उत्तरेकडील कष्टकऱ्यांचे उपनगर. हे नाव वाचून आम्हांस तरी पाळीला निघालेली माणसे दिसली.

मात्र एक सावधगिरी. पुढच्याच वर्षी, मे १९७८ मध्ये, साव पावलोजवळ धातुकामगारांचा मोठा संप झाला आणि राजवटीचा धाक ढासळू लागला. ‘मेतालुर्जिका’ हे त्याचे शिंग होते, असे म्हणण्याचा आम्हांला मोह होतो. पण त्यास आधार नाही. पोर्तुगीजमध्ये पितळी वाद्यांनाही ‘धातू’च म्हणतात, तेव्हा ती केवळ शब्दांची गंमत असू शकेल. आपल्याला हवे ते इतिहासाच्या तोंडी घालू नये.

परंतु ‘आयात’ या आरोपाचे उत्तर आम्ही देऊ. आपण १ मे पाळतो. तो दिवस १८८६ च्या शिकागोतून आला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरांचे. म्हणून का आमच्या वेदना परक्या ठरल्या? ज्याच्या घरात आरसाच ठेवलेला नाही, तो शेजाऱ्याच्या आरशात तोंड पाहतो. तोंड मात्र त्याचे स्वतःचेच असते. त्या तरुणांनी ताठ मान बाहेरून पाहून घेतली असेल. ओबेरदानच्या मंडळींनी दाखवून दिले की तिच्याखालचा ढोल घरचाच होता.

ओबेरदान १९८४ साली मोटार अपघातात गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. सुटी कशी मिळवली, हे आम्ही सभांतून पुष्कळ सांगितले. त्या सुटीत माणसे काय गाऊ-वाजवू लागली, हे सांगावयाचे राहूनच गेले. येत्या रविवारी आपण ही तबकडी जरूर ऐकावी.