बसंतरकाठचा पुणेकर

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील संचलनाच्या मैदानाला ‘खेत्रपाल’ हे नाव आहे. ते प्रथम कानी पडले तेव्हा मला आपल्या गावशिवेवरचा क्षेत्रपालच आठवला. पुढे कळले, की हा खेत्रपाल हाडामांसाचा होता. आपल्या पुण्यातच जन्मला होता आणि अवघ्या एकवीस वर्षांचा असताना शिवेपलीकडे लढता लढता पडला होता.

अरुण खेत्रपालचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा. वडील सैन्याच्या इंजिनिअर दलात अधिकारी. सनावरच्या लॉरेन्स शाळेत शिकून अरुण १९६७ साली खडकवासल्यास आला. तेथून डेहराडून, आणि १३ जून १९७१ रोजी ‘पूना हॉर्स’मध्ये सेकंड लेफ्टनंट. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, १८१७ साली, इंग्रजांनी उभे केलेले हे घोडदळ आता रणगाड्यांवर स्वार झाले होते. याच पलटणीचे कर्नल आर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धात धारातीर्थी पडले होते.

युद्धाचे ढग जमले तेव्हा अरुण नगरला रणगाडा-युद्धाचे शिक्षण घेत होता. बोलावणे आले. दिल्लीच्या घरी थांबून त्याने सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचे, विजयाच्या मेजवानीला तो गणवेश घालायचा, असा बेत! पोरवय ते, मरणाचा विचार त्याच्या सामानात कोठून असणार?

१६ डिसेंबर १९७१. शकरगड भागात आपल्या फौजेने बसंतर नदी ओलांडली होती. सुरुंग पुरते निघाले नव्हते. तरी पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे त्यांतूनच पुढे घुसले. जरपालजवळ शत्रूचे पॅटन रणगाडे चालून आले. अरुण ज्या रणगाड्यात होता त्याचे नाव ‘फामागुस्ता’. त्याला गोळा लागून आग लागली. वरिष्ठांनी बिनतारी यंत्रावरून रणगाडा सोडण्यास सांगितले. अरुणने नकार दिला. त्याची तोफ अजून चालत होती. त्याने एकट्याने चार रणगाडे निकामी केले. मग आणखी एक गोळा आला आणि सारे संपले. अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. देशभर जल्लोष झाला. खेत्रपालांच्या घरी तार पोचली ती त्यानंतर. पुढे अरुणला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

परंतु मला अधिक हलवते ती तीस वर्षांनंतरची गोष्ट. २००१ साली वृद्ध ब्रिगेडियर खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यास पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे आतिथ्य केले ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. निरोपाच्या सुमारास यजमानांनी मन मोकळे केले : जरपालच्या रणात अरुणचा अंत झाला तो त्यांच्याच हातून! ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याच्या तोंडून हे ऐकताना त्या पित्याच्या काळजाचे काय झाले असेल! तरी ते मित्रभावानेच परतले.

पुत्राचे शौर्य मोठे, यात शंका नाही. परंतु बापाचे ते सोसणे मला त्याहून लहान वाटत नाही. शौर्याला परमवीरचक्र आहे. सोसण्याला कोणतेच पदक नाही. म्हणून दिवाळीत अरुणच्या नावाने एक पणती लावताना, तिच्या शेजारी दुसरी पणती त्या पित्यासाठी लावावी, असे मला वाटते.