लाखोळी : स्वयंपाकघरातील एक जुना धडा

आपल्या ज्ञातीच्या इतिहासात सनदा-वतनांची नोंद पुष्कळ झाली. चुलीची मात्र कोणी ठेविली नाही. ती उणीव आम्ही अल्पांशाने भरून काढीत आहोत.

विदर्भात उभ्या धानाच्या बांधीत फेकून पेरली जाणारी लाखोळी ही गरिबांची डाळ. पोटात अन्य धान्य असेल तर ती अल्प प्रमाणात सहसा बाधत नाही. परंतु दुष्काळात महिनोगणती तिच्यावरच निर्वाह केल्यास पाय कायमचे लुळे पडतात. सागर प्रांती १८३० च्या सुमारास गहू बुडाला, तेव्हा अनेक तरुण असेच पंगू झाल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नमूद केले आहे.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. लाखोळीच्या विक्रीस बंदी आली १९६१ मध्ये. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठविली.

कायद्याच्या आधीपासून आमच्या आज्यांचे सूप होते. तुरीच्या डाळीतील पाचरीसारखा कोनदार दाणा त्या नेमका वेचीत. लाखोळी उष्ण पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिल्यास विष पुष्कळ घटते. परंतु दळलेल्या बेसनात कोन कोठून दिसणार? म्हणून भगिनींना आमची विनंती : डाळ अखंड घ्यावी, निवडावी आणि मगच दळावी. सूप अडगळीत टाकू नये.