साक्ष शिक्षणाची, मागणी डॉक्टरांची

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे कोसा विणणाऱ्यांचे गाव. तेथील किंवा अशा कोणत्याही गावातील शिक्षक वर्षातून एकदा मुलांची उंची आणि वजन नोंदवतात. हे काम शिक्षणखात्याचे की आरोग्यखात्याचे, असे आम्ही शिक्षकांना विचारतो तेव्हा बहुधा हसूच ऐकू येते. हा प्रश्न बराच जुना आहे.

३ फेब्रुवारी १८८२ रोजी सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १८५४ च्या वुडच्या खलित्याची अंमलबजावणी कशी झाली, विशेषतः प्राथमिक शाळांची स्थिती काय, हे त्याने पाहायचे होते. प्रत्येक प्रांतासाठी वेगळी समिती होती. भंडारा त्या काळी मध्य प्रांतात होता, म्हणून आपल्याकडचे कागद त्या समितीच्या अहवालात आहेत. मुंबई प्रांतात महात्मा फुल्यांनी दिलेले १९ ऑक्टोबरचे निवेदन आपणास परिचित असेलच. त्याच आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली. तिची आठवण मात्र क्वचितच निघते.

रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षिका हव्यात, तपासणीसही स्त्रियाच हव्यात, असे त्यांनी सांगितले. येथवर विषय शिक्षणाचाच होता. पण त्या पुढे गेल्या. बायका आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि अकाली मरतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे, अशी मागणी त्यांनी केली. हंटरसाहेबांनी या मराठी साक्षीचे भाषांतर करवून ते स्वतंत्रपणे छापले.

१८८५ साली लेडी डफरिन यांचा निधी उभा राहिला, त्याचे श्रेय पुष्कळदा या साक्षीला दिले जाते. सगळे श्रेय एकट्या साक्षीला देणे आम्हाला पटत नाही; पन्नाच्या महाराणीचा याच अर्थाचा निरोप १८८१ मध्येच व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोचला होता. शिवाय हा निधी चालला वर्गणीवर, शिक्षणखात्याबाहेर. रमाबाईंनी एका दमात मांडलेल्या दोन गोष्टी अशा दोन दारांनी आत गेल्या.

शाळकरी मुलांच्या तपासणीला इंग्लंडमध्ये जोर आला तो सैन्यभरतीमुळे. बोअर युद्धासाठी आलेले कितीतरी तरुण नापास झाले, १९०४ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला आणि १९०७ च्या कायद्याने शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी आली. आपल्याकडे अशी पहिली तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. त्या संस्थानात १९०६ पासून शिक्षण सक्तीचे होते. मुलाला शाळेत बसायची सक्ती केली, की त्याला दिसते-ऐकू येते का हे पाहणे भागच पडते! ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १९४६ सालीही शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नव्हतीच, असे भोर समितीला नोंदवावे लागले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती नेमावी लागली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. त्याच्या यादीत दृष्टिदोष आहे, श्रवणदोषही आहे.

रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इराद्यानेच इंग्लंडला गेल्या होत्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत त्यांना सोडावा लागला.

पथक वर्षाकाठी एकदा येते, शिक्षक रोज वर्गात असतात. कान वाहणारे मूल अनेकदा ओठांकडे पाहून वेळ मारून नेते. तेव्हा फळ्याकडे तोंड करून, आवाज न चढवता एक सोपी सूचना द्यावी आणि लगेच वळून पाहावे. कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आहे, ते दिसते. ते नाव पथक येण्याआधीच लिहून ठेवता येते.