शंभर मापांचा ढीग

आठवीच्या गणितात ‘चलन’ हे प्रकरण येते. वह्या जास्त घेतल्या की पैसे जास्त पडतात, ते समचलन. मजूर वाढले की कामाचे दिवस घटतात, ते व्यस्तचलन. सूत्रे मुलांना पाठ असतात, पण समोरच्या उदाहरणाला त्यांतले कुठले लावायचे तिथे गाडी अडते.

या प्रकरणाचे मूळ घराणे त्रैराशिकाचे. तीन राशी माहीत, चौथी काढायची. आर्यभटाने ४९९ साली रीत सांगितली: फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. पाच वह्यांना शंभर रुपये, तर आठ वह्यांना किती? पाच हे प्रमाण, शंभर हे फळ, आठ ही इच्छा. हवे ते विचारायचे म्हणून ‘इच्छा’. गणितात इतका माणसाळलेला शब्द मला दुसरा आठवत नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली उलटी रीतही दिली: प्रमाण आणि फळ यांचा गुणाकार, भागिले इच्छा. तेच व्यस्त त्रैराशिक. व्यस्त म्हणजे उलटलेले. ‘कामात गुंतलेला’ हा अर्थ मराठीत हिंदीकडून अलीकडे आला.

पण उलटी रीत लावायची कुठे? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्या जागाच सांगून टाकल्या: प्राण्यांचे वय आणि किंमत, सोन्याचा कस आणि वजन, धान्याची रास आणि तिला लावलेले माप. धान्याचे त्यांचे उदाहरण असे. सात आढकांच्या (आढक म्हणजे धान्य मोजण्याचे जुने परिमाण) मापाने रास मोजली तर शंभर मापे भरली. पाच आढकांच्या मापाने किती भरतील? उत्तर १४०. माप लहान झाले, खेपा वाढल्या, धान्य मात्र तेवढेच. सात गुणिले शंभर, पाच गुणिले एकशेचाळीस, दोन्हीकडे ७०० आढक. आज ज्याला आपण चलनाचा स्थिरांक म्हणतो, तो इथे खळ्यावर पडलेला दिसतो. सोन्याचेही तसेच: कस गुणिले वजन म्हणजे आतले शुद्ध सोने.

वयाचे उदाहरण मात्र मला पटत नाही. सोळा वर्षांच्या दासीची किंमत ३२ निष्क (त्या काळचे नाणे), तर वीस वर्षांच्या दासीची किती? माणसाचा बाजार मांडणारा हा प्रश्न वाचताना आजही त्रास होतो. गणित म्हणूनही तो लंगडा आहे. सोळा गुणिले बत्तीस, ५१२. हे ५१२ कशाचे? कशाचेच नाही. वय वाढले की किंमत उतरते एवढेच खरे. पण एक वाढते आणि दुसरे घटते एवढ्याने व्यस्तचलन होत नाही, गुणाकार कायम राहावा लागतो.

या जुन्या रीतींच्या मानाने चलनाचे आजचे चिन्ह (∝) फार उशिराचे. ते विल्यम इमर्सन या इंग्रज गणितीने १७६८ साली वापरले.

आठवीच्या शिक्षकांना एवढीच विनंती: सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी वर्गात दोन-तीन किलो ज्वारी आणि दोन वेगवेगळी मापे घेऊन जा, आणि मुलांना ती रास दोन्ही मापांनी मोजू द्या.