चाकाची चकाकी आणि धातूचे कवच : अ‍ॅलॉय व्हीलची शंभर वर्षे

१/ मोटारीचे चाक धुणे हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? रविवारी सकाळी बादली घेऊन बसणाऱ्याला तसे वाटत नाही. पण त्या चाकावर एक अदृश्य कवच असते आणि शंभर वर्षे अभियंते त्या कवचाचीच राखण करीत आले आहेत. ते न ओळखता चाक घासले, तर चाक जाते. कधीकधी घासणाऱ्याचा हातही भाजतो. आजचा थ्रेड त्या कवचाविषयी.

२/ ३ ऑगस्ट १९२४. फ्रान्समधील ल्यों शहराजवळ ग्रां प्रीची शर्यत. एत्तोरे बुगाटी याने आपल्या नव्या ‘टाइप ३५’ जातीच्या पाच मोटारी उतरवल्या होत्या. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांना बहुधा तारांच्या आऱ्यांची चाके असत. या मोटारींची चाके मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, आठ चपट्या आऱ्यांची. आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढले की ब्रेक डोळ्यांसमोर!

३/ त्या दिवशी बुगाटीला यश आले नाही. टायरांनी दगा दिला आणि शर्यत अल्फा रोमिओच्या जुझेप्पे कँपारीने जिंकली. पण चाकाची कल्पना टिकली. चाक हलके असेल, तर खाचखळग्यांतून ते रस्त्याला अधिक नीट चिकटून राहते आणि ब्रेकची उष्णताही लवकर बाहेर पडते. अ‍ॅलॉय व्हीलची गोष्ट सामान्यतः येथूनच सांगितली जाते.

४/ आता धातूकडे वळू. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना न कळत, विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम मिळवण्याची पद्धत शोधली आणि हा महागडा धातू स्वस्त झाला. पुढे तो आपल्या स्वयंपाकघरातही आला. आजीच्या तोंडी असलेले ‘जर्मनचे पातेले’ म्हणजे हाच धातू.

५/ अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव विलक्षण आहे. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तोच पुढची झीज थांबवतो. लोखंडाला गंज खातो. अ‍ॅल्युमिनियमला त्याचा स्वतःचा ‘गंज’ राखतो. हेच ते अदृश्य कवच.

६/ मात्र शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. १९०६ मध्ये जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म याला एक गोष्ट आढळली : तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून झटकन थंड केले आणि काही दिवस ठेवले, की ते आपोआप कठीण होते. यातून ‘ड्युराल्युमिन’ जन्माला आले. विमाने त्याच्यावर उडू लागली. पण त्यातील तांब्यामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते लवकर झिजू लागले. बळ मिळाले, कवच दुबळे झाले.

७/ त्यावरचा उपाय १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये सापडला. बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी समुद्रविमानांचे ड्युराल्युमिनचे भाग क्रोमिक आम्लात बुडवून त्यांतून वीज सोडली. नैसर्गिक पापुद्र्याच्या कितीतरी पट जाड असा ऑक्साइडचा थर मुद्दाम वाढवला. यालाच आपण अ‍ॅनोडाइझिंग म्हणतो. तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना बाहेरून कथील आणावे लागते. येथे धातूच्याच अंगातून कल्हई काढली गेली.

८/ शर्यतीचा हव्यास मात्र आणखी हलक्या धातूकडे धावला. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि मॅग्नेशियमची अवघी १.७. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँड याने मॅग्नेशियमची चाके ओतली. आजही आपल्याकडे टायरच्या दुकानांत अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला ‘मॅग व्हील’ म्हणतात. तो शब्द त्या काळाची आठवण आहे.

९/ मॅग्नेशियमचे कवच मात्र मिठापुढे टिकत नाही. शर्यतीत चाकांची सतत तपासणी होते. घरच्या गाडीला ते लाड कोण करणार? रोजच्या रस्त्यावर अखेर अ‍ॅल्युमिनियमच जिंकले. १९६६ मध्ये पोर्श ९११ एस ही गाडी ‘फुक्स’ चाकांसह आली. ती ओतलेली नव्हती, तर दाबाखाली घडवलेली आणि अ‍ॅनोडाइझ केलेली होती. सामान्य गाड्यांसाठी सुमारे ७% सिलिकॉन असलेले, तांबे जवळजवळ नसलेले ओतीव मिश्रधातू रूढ झाले.

१०/ याच सुमारास एक नवा शत्रू आला. ड्रम ब्रेकची बरीच धूळ ड्रममध्येच राहत असे. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली आणि १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही डिस्क घरोघरी घेऊन गेली. आता पॅड आणि बिडाची डिस्क उघड्यावर घासू लागली. उडणारे लोहकण तापलेल्या चाकावर बसतात, ओलाव्यात गंजतात आणि घट्ट रुततात. चाकावरचा तो तपकिरी-काळा थर म्हणजे झिजलेला ब्रेक होय.

११/ हा थर घालवण्यासाठी माणसाने स्वयंपाकघरातील शहाणपण वापरले. पितळेला चिंच लावली की ते उजळते, मग चाकालाही आम्ल लावावे! येथेच चूक होते. पितळेवरचा काळा थर निरुपयोगी असतो. तो गेला तरी बिघडत नाही. अ‍ॅल्युमिनियमवरचा थर हेच त्याचे संरक्षण. बेल्जियन शास्त्रज्ञ मार्सेल पूर्बे याच्या आकृत्यांवरून दिसते, की हे ऑक्साइड साधारणतः ४ ते ८.५ या सामूच्या दरम्यानच स्थिर राहते.

१२/ म्हणजे तीव्र आम्ल घातक आणि तीव्र अल्कही घातक. जर्मनचे पातेले धुण्याच्या सोड्याने काळे पडते, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे. कॉस्टिक सोड्याने तर अ‍ॅनोडाइझिंगच विरघळते. आम्लाने घासलेले चाक त्या दिवशी लखलखते खरे. पण ती चकाकी निरोगी त्वचेची नव्हे, सोललेल्या त्वचेची असते.

१३/ सर्वांत भयंकर प्रकार हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा. अ‍ॅल्युमिनियम उजळवणाऱ्या काही द्रावणांत ते असते. सौम्य द्रावणाने वेदना लगेच होत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो; तोवर ते त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधू लागते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात वाहने धुण्याच्या कामात असे भाजण्याच्या ४८ घटना नोंदल्या गेल्या. असे द्रावण पोटात गेल्याने एका कामगाराचा मृत्यूही झाला. चकाकीची ही किंमत गाडीच्या मालकाने मोजलेली नाही.

१४/ मग वाट कोणती? रसायनशास्त्राने ती दिली : थर सोलायचा नाही, फक्त लोह उचलायचे. थायोग्लायकोलेट नावाचे संयुग, जे केस कुरळे करण्याच्या द्रावणांतही वापरले जाते, लोहाला पकडते आणि जांभळे होते. उदासीन सामूच्या जवळ राहूनही ते काम करते. चाकावरून जांभळे ओघळ वाहताना दिसले, तर समजावे, की ब्रेकचे लोखंड निघत आहे, चाकाचे अ‍ॅल्युमिनियम नव्हे.

१५/ आजच्या बहुतेक चाकांवर रंग आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. त्याला दगड लागून चरा पडला, की खारा ओलावा आत शिरतो आणि लेपाखाली किड्याने पोखरावे तशा पांढऱ्या रेषा सरकू लागतात. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी असेल, तर याकडे विशेष लक्ष द्यावे. रेषा वरून घासून जात नाहीत. जुना लेप काढून नवा द्यावा लागतो.

१६/ इतिहासाने दिलेले नियम थोडके आहेत. चाक थंड झाल्यावरच धुवावे. तापलेल्या चाकावर द्रावण वाळते आणि डाग धरतो. आधी भरपूर पाणी, मग उदासीन साबण आणि मऊ ब्रश. तारेची घासणी कधीही नको. लोहकणांसाठी वेगळे द्रावण, तेही हातमोजे घालूनच. शेवटी पुसून मेणाचा किंवा सीलंटचा थर द्यावा, म्हणजे पुढची धूळ सहज निघते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील, तर ती विकत घेऊ नये.

१७/ आणि ती धूळ केवळ चाकाची नाही, आपल्या श्वासाचीही आहे. २०२४ मध्ये संमत झालेल्या ‘युरो ७’ नियमांत युरोपीय संघाने ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली. जी धूळ आपण फडक्याने पुसत होतो, ती आता कायद्याचा विषय झाली आहे.

१८/ विल्मने धातूला बळ दिले, बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी कवच जाड केले, पूर्बेने त्या कवचाच्या सीमा आखल्या. आपल्या वाट्याला त्यांतले सर्वांत सोपे काम आले आहे : ते कवच स्वतःच्या हाताने न मोडणे. आणि वाचकहो, गाडी धुवायला बाहेर देत असाल, तर धुणाऱ्याच्या हातांत मोजे आहेत का आणि बाटलीत काय आहे, एवढे जरूर विचारा. चाक बदलता येते. हात बदलता येत नाही.