साक्षीदार पलीकडचा होता

जालंधरला बदली होऊन आलो तेव्हा पहिले काही दिवस सकाळची पीटी धड होईना. दौड सुरू असायची आणि अचानक आदमपूरच्या बाजूनं लढाऊ विमानांचा गडगडाट यायचा. सगळ्यांच्या माना वर. जवानांच्या वर, जेसीओ साहेबांच्या वर आणि खरं सांगायचं तर माझीही वर. आम्ही पायदळवाले मेसमध्ये हवाई दलाच्या दोस्तांची थट्टा करतो, की यांचं बरं आहे, पहाटे युद्धाला जातात आणि नाश्त्याला परत येतात.

त्याच आदमपूरहून ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे निघालेला एक जण नाश्त्याला परत आला नाही. त्यानं हवेत काय केलं हे आपल्याला कळायला बरीच वर्षं लागली, आणि त्याचं महावीर चक्र यायला तेवीस. आजची पोस्ट त्याच्याबद्दल आहे. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या.

देवय्या कोडगूचे. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या ज्या मातीतले, त्याच मातीतले. जन्म २४ डिसेंबर १९३२ चा. १९५४ मध्ये हवाई दलात फायटर पायलट म्हणून कमिशन मिळालं. पुढे ते उड्डाण प्रशिक्षक झाले. प्रशिक्षक माणसाचं एक असतं. नवख्या पोरांच्या चुका रोज पाहून विमान कुठे दगा देतं आणि कुठे साथ देतं, हे त्याच्या हातात मुरलेलं असतं. युद्धाच्या वेळी ते नंबर १ स्क्वाड्रनमध्ये होते. १९३३ मध्ये उभी राहिलेली ही हवाई दलातली सगळ्यात जुनी स्क्वाड्रन. नाव 'टायगर्स', विमान फ्रेंच बनावटीचं मिस्टियर, कमांडिंग ऑफिसर विंग कमांडर ओ. पी. तनेजा.

आता थोडी पार्श्वभूमी. ६ सप्टेंबरला आपल्या सेनेनं लाहोरच्या आघाडीवर सीमा ओलांडली. त्याच दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलानं पठाणकोटवर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जाळली. आदमपूर आणि हलवाऱ्यावरही विमानं आली. रात्री या तिन्ही तळांच्या आसपास छत्रीधारी सैनिक उतरवले गेले. उत्तर देणं भाग होतं, आणि उत्तराचा पत्ता एकच होता, सरगोधा. पाकिस्तानी हवाई दलाचा सगळ्यात मोठा तळ, आणि तितकाच कडक बंदोबस्त.

आदमपूरहून सरगोधा सरळ रेषेत साधारण तीनशे किलोमीटर. नकाशावर बोटभर अंतर. पण मिस्टियरसाठी जमिनीलगत उडत तिथे जायचं, हल्ला करायचा आणि परत यायचं, म्हणजे इंधनाचा काटेकोर हिशोब. वाटेत झुंज घ्यायला त्या हिशोबात जागाच नव्हती. बारा विमानांचा बेत ठरला. त्यातलं कुठलं ऐनवेळी बिघडलं तर जागा भरायला राखीव पायलट म्हणून देवय्या.

सैन्यात राखीव असणं काय असतं हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना सांगायला नको. तयारी सगळ्यांसारखीच पूर्ण, पण नाव यादीच्या बाहेर. देवय्या त्या पहाटेच्या अंधारात उडाले आणि हल्ल्याला जाणाऱ्यांत सामील झाले.

सरगोध्याहून परतताना त्यांना गाठलं फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेननं. त्याच्या हाताखाली होतं अमेरिकन एफ-१०४ स्टारफायटर. त्या काळी पाकिस्तानकडे या विमानांची एकच स्क्वाड्रन होती, पण धाक मोठा होता. आवाजाच्या दुप्पट वेग, सहा नळ्यांची तोफ, शिवाय साइडवाइंडर क्षेपणास्त्रं. आपलं मिस्टियर सरळ उडताना आवाजाच्या वेगाच्या आत राहणारं, दोन ३० मिलिमीटर तोफांचं. पळायचं म्हटलं तर पळून सुटका नाही.

स्टारफायटरच्या माऱ्यानं मिस्टियरला इजा झाली. हे विमान आता संपलं असं समजून अमजद पुढच्या शिकारीकडे वळला. पण विमान संपलं नव्हतं आणि पायलट तर मुळीच नाही. देवय्यांनी ते जखमी विमान फिरवलं आणि स्टारफायटरशी झुंज घेतली.

इथे थोडं तंत्र समजून घेऊ, म्हणजे पराक्रमाचं मोल कळेल. स्टारफायटरचे पंख अगदी आखूड. सरळ रेषेत त्याला तोड नाही, पण वळायचं म्हटलं की त्याला मोठा घेर लागतो. झुंज जमिनीजवळ आणि कमी वेगात आली की त्याचा तो भारी वेग काही कामाचा राहत नाही. मिस्टियर मात्र लहान घेरात वळू शकतं. गल्लीत शिरलेल्या ट्रकला सायकलवाला भारी पडावा, तसं. पण मार खाल्लेल्या विमानात, शत्रूच्या तळाशेजारी, मोजक्या इंधनावर त्या गल्लीत वळायचं ठरवणं ही हिशोबाच्या पलीकडची गोष्ट आहे. देवय्यांच्या तोफांनी स्टारफायटर पाडलं. अमजद हवाई छत्रीनं बाहेर पडून वाचला. देवय्या त्यांच्या विमानासह तिथेच पडले. वय बत्तीस. मागे पत्नी आणि मुली.

आदमपूरला बाकीचे परतले. देवय्या कुठे? कुणीच काही पाहिलं नव्हतं. विमानातल्या कॅमेऱ्याची फिल्म विमानाबरोबर शत्रूच्या शेतात. कागदावर त्यांच्या नावापुढे एकच शब्द लागला, बेपत्ता.

यापुढचा योगायोग कादंबरीत लिहिला तर संपादक खोडून टाकेल. ५ डिसेंबर १९७१ ला हाच अमजद हुसेन पुन्हा स्टारफायटर घेऊन अमृतसरवर चालून आला. आपल्या विमानविरोधी तोफांनी त्याला पाडलं आणि तो युद्धकैदी झाला. म्हणजे देवय्यांच्या शेवटच्या झुंजीचा सगळ्यात जवळचा साक्षीदार काही काळ आपल्याच ताब्यात होता! देवय्यांच्या नावापुढे मात्र तेव्हाही कुठलं पदक नव्हतं.

गोष्ट उजेडात आली ती ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या १९६५ च्या हवाई युद्धावरच्या पुस्तकातून. ते १९७९ मध्ये आलं, आणि तेही पाकिस्तानी बाजूनं माहिती घेऊन लिहिलेलं. त्यात स्टारफायटर एका मिस्टियरनं पाडल्याचं होतं. परत न आलेलं मिस्टियर कुणाचं, हे आपल्या नोंदींत होतंच. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तेरावा गडी सापडला. तनेजांना स्वतःला त्या युद्धातलं वीर चक्र मिळालेलं होतं. त्यांनी आपल्या हरवलेल्या पायलटसाठी सरकारदरबारी लिहिलं. अखेर १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. आज मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक आणि पुतळा आहे. २०२५ च्या जानेवारीत आलेला 'स्काय फोर्स' हा हिंदी सिनेमाही याच घटनेवर बेतलेला आहे, पात्रांची नावं बदलून.

हा इतिहास मला इतका का लागला, तेही सांगतो. पदकं शौर्याला मिळतात असं आपण म्हणतो. मी आजवर बरीच सायटेशन लिहिली आहेत आणि अनुभवानं सांगतो, पदक मिळतं ते दिसलेल्या शौर्याला. शिफारशीच्या कागदावर पहिला प्रश्न असतो, प्रत्यक्ष कुणी पाहिलं? ही अट चुकीची नाही. ती नसती तर पदकांची किंमत राहिली नसती. पण त्या अटीच्या पलीकडे अंधारात काही माणसं उभी असतात.

मी कंपनी कमांडर असताना आमचा एक नायक, साताऱ्याकडचा, काश्मीरमधल्या एका नाल्यात रात्रभर जखमी साथीदाराजवळ एकटा थांबला. गोळीबार सुरू होता. उजाडल्यावर आम्ही पोचलो तोवर साथीदार गेला होता. पाहणारा तोच एकटा होता. मी शिफारस लिहिली. पुरावा अपुरा म्हणून ती परत आली. मी तो कागद फायलीत लावला आणि पुढच्या पोस्टिंगवर निघून गेलो. पुन्हा लिहिता आलं असतं. जवळच्या चौकीवर ज्यांनी रात्रभर त्या नाल्यातून फायरिंग ऐकलं, त्यांचे जबाब घेता आले असते. मी ते केलं नाही. तनेजांनी इतक्या वर्षांनी आपल्या माणसासाठी लेखणी उचलली. मला दोन वर्षंही पाठपुरावा जमला नाही. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझा आहे.

गेल्या रविवारी त्याला फोन लावला. तो आता निवृत्त आहे, गावी शेती बघतो. म्हटलं, "त्या रात्रीचं सगळं पहिल्यापासून सांग, मी लिहून घेतोय."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आता कशाला साहेब? लई वर्सं झाली."

"तेवीस नाही झाली अजून," मी म्हणालो.

त्याला अर्थातच काही कळलं नाही. पण तो बोलला. पाऊण तास बोलला. मी सहा पानं लिहिली. मुदत केव्हाच उलटून गेली आहे आणि पदक मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. ती पानं मी सही करून पलटणीच्या इतिहासात लावायला पाठवली आहेत. त्यात गेलेल्या साथीदाराचे शेवटचे शब्दही आहेत. ते आजवर कुठल्याच कागदावर नव्हते.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्याही डोक्यात अशी एखादी रात्र असेल, जिचे साक्षीदार फक्त तुम्हीच आहात. लिहून ठेवा. आपला साक्षीदार होऊन पलीकडून दर वेळी कुणी येईलच असं नाही.

आज सकाळीही आदमपूरची विमानं गेली. दौड थांबवली नाही, पण मान वर झालीच.

जय हिंद.